चाकाखालचा म्हातारा

सावकाश बसा. दोन-चार श्वास आपापल्या गतीनं येऊ-जाऊ द्या. आता डोळ्यांपुढे एक पत्ता आणा. हाताच्या पंजाएवढा, जाडसर, सोन्याचा वर्ख दिलेला.

हा पत्ता मिलान शहराचा. 1450च्या सुमारास, फ्रान्चेस्को स्फोर्झा आणि बियांका मारिया व्हिस्कोंती यांच्या घराण्यासाठी रंगवलेल्या टॅरो संचातला. टॅरोवरून भविष्य सांगणं रूढ झालं ते अठराव्या शतकात. त्याआधी तो खेळच होता. म्हणून उद्या काय घडेल, हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा. नुसतं पाहा.

मधोमध पंख असलेली, डोळ्यांवर पट्टी बांधलेली दैवदेवता. तिच्याभोवती चाक. एक जण वर चढतो आहे. ‘मी राज्य करीन.’ त्याला गाढवाचे कान फुटलेत. माथ्यावर बसलेल्यालाही तेच कान. ‘मी राज्य करतो.’ खाली येणाऱ्याला गाढवाचं शेपूट; ‘मी राज्य केलं.’ या तिघांना हळूहळू फिरू द्या. घाई नको.

शहरही असंच फिरलं. 1447मध्ये बियांकाचे वडील, मिलानचे ड्यूक, मुलगा नसताना वारले. नागरिकांनी प्रजासत्ताक पुकारलं. ते तीन वर्षंही टिकलं नाही. भाडोत्री सेनापतीचा मुलगा असलेल्या फ्रान्चेस्कोनं शहराची रसद तोडली, लोक उपासमारीनं हैराण झाले आणि 1450मध्ये त्याच्यासाठी वेशी उघडल्या. पुढे त्याचाच मुलगा लुदोविको गादीवर आला, फ्रेंचांनी त्याला पकडून नेलं आणि 1508मध्ये तो त्यांच्या कैदेतच वारला. रहाटगाडगं भरतं, रितं होतं.

आता नजर तळाशी न्या आणि इथे सगळ्यात जास्त थांबा. चाकाखाली एक पांढऱ्या दाढीचा म्हातारा हातापायांवर ओणवा झालाय. कपडे फाटलेले. ‘माझं राज्य नाही.’ त्याला ना गाढवाचे कान, ना शेपूट. चौघांत पुरता माणूस तेवढा तोच. ज्या घराण्याचं वैभव मिरवायला हे सोनं लावलं, त्याच्याच पत्त्यावर चित्रकारानं हे काढून ठेवलं. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

त्याच्या पाठीवरचं ओझं स्वतःच्या खांद्यांवर जाणवू द्या. वेढ्यात उपाशी राहिलेले मिलानकर आठवा. त्यांची नावं कुठल्याच पत्त्यावर नाहीत. मग स्वतःच्या गावाकडे या. तिथं चाकाखाली कोण आहे? एक चेहरा समोर येईपर्यंत डोळे उघडू नका आणि आला, की त्याला नावानं हाक मारा.