वनातील घर आणि घरधन्याची मर्यादा

पांढुर्णा जिल्ह्यातील बोरगावच्या बाजूस, संत्र्यांच्या बागा आणि सागाचे रान यांच्या सांध्यावर, आमच्या एका स्नेह्यांनी जागा घेतली. खरेदीखत तपासून घ्यावे म्हणून ते आमच्याकडे आले. खत निर्दोष होते. मग त्यांनी घराचा आराखडा पुढे ठेवला. "वकीलसाहेब, घर रानात मिसळून गेले पाहिजे. बाहेरून सागवानी फळ्या मढवतो, सिमेंटला मातीचा रंग देतो. जागेतला मोह तेवढा काढावा लागेल. दर्शनी बाजू झाकली जाते."

रानासारखे दिसावे म्हणून रानच तोडावयाचे, यातील विसंगती त्यांच्या ध्यानी आली नव्हती. वास्तविक हा प्रश्न रंगाचा नव्हे, आचरणाचा आहे. वनासारखे दिसणे निराळे आणि वनाशी मिळून राहणे निराळे.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावी राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले. मीराबेननी स्वतःसाठी उभारलेली झोपडी कालांतराने बापूकुटी म्हणून ओळखली जाऊ लागली. माती, बांबू, कवेलू एवढीच तिची सामग्री. शोभेसाठी भिंतीवर ताडाची झाडे उठविली आहेत, तीही मातीचीच. तेथे शोभा काहीही झाकीत नाही. म्हणूनच ती कुटी भोवतालात परकी वाटत नाही.

स्नेही हसून म्हणाले, "आपण सिमेंटच्या घरात राहून मातीचे गुण गाता!" आक्षेप खरा होता आणि तो आम्हांस लागला. मातीची भिंत वर्षानुवर्षे लिंपावी लागते आणि ते कष्ट बहुधा घरातील स्त्रियांच्याच वाट्यास येतात. दुसऱ्याच्या कष्टांवर आपल्या साधेपणाची हौस भागविणे हा धर्म नव्हे. शिवाय काळी माती पावसाने फुगते, उन्हाने भेगाळते. तेथे पाया भक्कमच हवा. त्यासाठी सिमेंट वापरले तर पाप नाही. त्याला मातीचे सोंग देणे मात्र अप्रामाणिक होय.

म्हणून आम्ही एवढेच सुचविले: भिंतीस जवळच्या खाणीचा दगड घ्यावा, त्यावर चुन्याचा हात द्यावा. कवेलूचे उतरते छप्पर झाडांच्या शेंड्यांहून खाली राहावे. वळचण रुंद असावी, म्हणजे पावसाची झड भिंतीवर येणार नाही. आणि घर चार हात सरकवावे, मोह राहू द्यावा.

कोकण-गोमंतकातील देवराईत काठी तोडतानाही माणूस कचरतो, कारण ती जागा आपली नव्हे, देवाची, हे त्यास ठाऊक असते. खरेदीखताने आपणांस भूमीचे स्वामित्व मिळते. आपल्या आधीपासून तेथे उभे असलेल्यांविषयीचे कर्तव्य त्याने संपत नाही. कायद्याची परवानगी मिळाली, तरी हा हिशेब उरतोच.

स्नेही आराखडा गुंडाळून गेले. आठ दिवसांनी त्यांचा निरोप आला: घर सरकविले आहे. दर्शनी बाजू मोहामागे झाकली जाणार आहे.