भोग आणि प्रतिनिधी

एखादे दुखणे अंगावर काढून, त्याच्याशी झुंजून उठलेला मनुष्य आपल्या समाजात काहीशा आदराने पाहिला जातो, आणि त्याच्या त्या सोसण्याला केवळ शारीरिक नव्हे तर नैतिक मोलही दिले जाते. २०२१ च्या उन्हाळ्यात, करोनाची दुसरी लाट राज्याच्या पुष्कळशा मुलखातून ओसरू लागल्यावरही कोल्हापूर जिल्ह्यात मुक्काम ठोकून राहिली होती, तेव्हा या मूल्यकल्पनेचा प्रत्यय गल्लोगल्ली येत होता. लसीसाठी रांग लागलेल्या केंद्राच्या समोरच्या कट्ट्यावर बसून कोणी म्हणे, "मला होऊन गेलाय की! आता सुई कशाला? अंगानं कमावलंय ते खरं." या उद्गाराला अडाणीपणा म्हणून वाटेला लावणे सोपे आहे, परंतु त्याच्या पोटात एक जुना आणि प्रतिष्ठित तत्त्वविचार दडलेला आहे, आणि त्याची कैफियत नीट ऐकून घेतल्यावाचून निवाडा देणे मला न्यायाचे वाटत नाही.

तो विचार असा की, जे भोगून मिळते तेच आपले. जे न भोगता हाती पडते ते उसने. प्रारब्ध भोगानेच सरते, असे आपल्या वेदान्त्यांनी सांगितले आणि कीर्तनकारांनी ते घरोघरी पोहोचविले. देवीच्या रोगाने तर या सिद्धान्ताला जणू शरीराचीच साक्ष मिळवून दिली होती. ज्या घरी देवी येत त्या घराच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे, चुलीवर फोडणी बंद होई, पाहुण्याला उंबऱ्याबाहेरूनच परतावे लागे. आणि अंगभर फोडांनी फुललेल्या लेकराला त्याची आई "बाई, आता शांत हो" म्हणून हात जोडी, कारण तेवढ्या दिवसांपुरते ते लेकरू तिचे पोरही असे आणि तिची देवताही. त्यातून जो वाचे त्याच्या तोंडावर व्रण राहत, पण देवी पुन्हा त्याच्या वाटेस जात नसत. देवतेचे देणे एकदा चुकते केले की तिचा तगादा संपतो, असा अर्थ लोकांनी त्यातून काढला, आणि ज्यांना जंतूंचे ज्ञान असणे शक्यच नव्हते त्यांचे हे निरीक्षण वस्तुस्थितीला धरूनच होते.

म्हणून प्रथम हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे की, काही रोगांच्या बाबतीत प्रत्यक्ष रोगाने दिलेली स्मृती लसीने दिलेल्या स्मृतीहून दीर्घकाळ टिकते. देवी येऊन गेलेल्याला आयुष्यभराचे संरक्षण मिळे. देवी टोचलेल्याचे संरक्षण काही वर्षांनी उणावू लागे आणि पुन्हा टोचून घ्यावे लागे. गोवर, गालगुंड यांचेही बरेचसे असेच आहे. करोनातून उठलेल्यांच्या शरीरात प्रतिकारशक्ती उरते, हेही खरे. किंबहुना ज्यांना रोगही झाला आणि लसही मिळाली त्यांचे संरक्षण सर्वांत बळकट ठरले. केंद्रावरच्या एखाद्या उत्साही स्वयंसेवकाने कट्ट्यावरच्या त्या गृहस्थाला "तुमच्या आजारपणाचा काही उपयोग नाही" असे सांगितले असेल, तर त्याने शास्त्राची बाजू उगाच दुबळी केली.

मात्र हा जमाखर्च मांडताना आपण दप्तरातले अर्धे कागद बाहेरच काढीत नाही. लस न टोचलेल्या माणसांपैकी उग्र देवी आलेले दहांतले सुमारे तीन जण दगावत. वाचलेल्यांतील कित्येकांची दृष्टी जाई. रोगाने दिलेल्या संरक्षणाची थोरवी सांगायला जे उरतात ते सारे वाचलेलेच असतात. जे गेले त्यांची साक्ष कोणी नोंदवीत नाही. यात्रेहून सुखरूप परतलेल्यांनाच वाटेची खबर विचारावी आणि वाट निर्धोक असल्याचा दाखला मिळवावा, तसा हा पुरावा आहे.

शिवाय भोगाने शक्ती येते हा नियमही सार्वत्रिक नाही. धनुर्वात हे त्याचे सर्वांत कठोर उदाहरण होय. ऊसतोडीत कोयत्याचा घाव बसलेल्या माणसाला 'टीटीचं इंजेक्शन' घ्यायला कोणी फारसे विनवावे लागत नाही. परंतु त्या इंजेक्शनामागे एक चमत्कारिक सत्य आहे, ते असे की, धनुर्वाताच्या जंतूचे विष इतके तीव्र असते की माणसाला मारण्यास पुरेशी असलेली त्याची मात्रा प्रतिकारशक्ती जागी करण्यास मात्र पुरत नाही. मरणाच्या दारातून परत आलेल्या धनुर्वाताच्या रोग्यालाही म्हणून लस द्यावीच लागते. त्याने भोगले ते सगळे, आणि पदरात पडले काहीच नाही! गोवराची गोष्ट याहूनही विलक्षण. २०१९ मध्ये, लस न घेतलेल्या काही डच मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी व गोवरानंतर तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की त्या रोगाने स्वतःविरुद्ध स्मृती दिली खरी, पण अन्य रोगांविरुद्ध शरीराने पूर्वी जमविलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के पुसून टाकली. एका सनदेसाठी सबंध दप्तर जाळून घेण्यासारखाच हा व्यवहार.

आता मूळ तत्त्वाकडे वळू. भोगाचा महिमा सांगणाऱ्या आपल्याच परंपरेत पतंजलीने योगसूत्रांच्या साधनपादात असे म्हटले आहे की, टाळण्याजोगे दुःख म्हणजे अद्याप न आलेले दुःख; आणि त्यावरील व्यासभाष्याने त्याची उपपत्ती अशी लावली आहे की, गेलेले दुःख भोगून संपले, चालू दुःख आपल्या क्षणात भोगले जातच आहे, तेव्हा साधकाच्या हाती उरते ते येऊ घातलेलेच. सूत्रकारापुढे संसारदुःख होते, साथीचे रोग नव्हते, आणि योगशास्त्रातून लसीकरणाचा हुकूम काढून दाखविण्याचा खटाटोप मी करणार नाही. परंतु न आलेले दुःख टाळणे म्हणजे भेकडपणा किंवा प्रारब्धाची फसवणूक, हे मत सनातन म्हणून जे मिरविले जाते त्याला निदान ही एक आडकाठी आहे.

दुसरी आडकाठी याहून भारी. कर्मसिद्धान्ताची सारी नैतिक प्रतिष्ठा ज्याचे कर्म त्याला फळ या हिशेबावर उभी आहे. न केलेल्याचे फळ पदरी येणे, म्हणजे अकृताभ्यागम, हा आपल्या तार्किकांच्या दृष्टीने गंभीर दोष होय. संसर्गजन्य रोग या हिशेबाचे खातेच विस्कटून टाकतो. मी माझी प्रतिकारशक्ती 'कमावीत' असतो त्या दहा-पंधरा दिवसांत माझ्या श्वासाबरोबर तो रोग शेजारच्या म्हातारीकडे, एकाच बाकावरच्या प्रवाशाकडे, अजून नाव न ठेवलेल्या तान्ह्याकडे जात असतो; मला जी शक्ती लाभते तिची किंमत त्यांच्यापैकी कोणीतरी भरतो. लसीच्या रांगेत उभा राहिलेला मनुष्य दंड दुखवून घेतो तो स्वतःचाच.

येथे प्रतिपक्ष आपला शेवटचा आणि खरा आक्षेप पुढे करतो: असेल हे सारे, पण लसीची शक्ती कृत्रिम ती कृत्रिमच, शरीराची ती स्वतःची नव्हे. तालमींच्या या कोल्हापुरात, जेथे खासबागेच्या मैदानाची माती अजून कपाळाला लावली जाते, या आक्षेपाला धार येते ती साहजिकच. त्याला उत्तर द्यायचे तर मी मीमांसकांकडे जाईन. आणि मीमांसकांकडे जाण्यापूर्वी टेंबलाईच्या टेकडीवर.

आश्विन शुद्ध पंचमीला, म्हणजे ललितापंचमीला, अंबाबाईची पालखी लवाजम्यासह शहराबाहेरच्या त्या टेकडीवर रुसलेल्या त्र्यंबोलीच्या, म्हणजेच टेंबलाईच्या, भेटीला जाते. तेथे कोल्हासुराच्या वधाची आठवण म्हणून कुमारिकेच्या हातून त्रिशूळाने कोहळा फोडला जातो, आणि त्या कोहळ्याचा तुकडा हाती लागावा म्हणून जमावाची अशी झुंबड उडते की पोलिसांची तारांबळ व्हावी. दैत्याच्या जागी फळ आले म्हणून विधी खोटा झाला, असे आजवर एकाही कोल्हापूरकराला वाटलेले नाही. मुख्याच्या जागी त्याच्यासारखे, पण निरुपद्रवी असे दुसरे द्रव्य घेणे आपल्या धर्मबुद्धीला पूर्वापार मान्य आहे, आणि जैमिनीने मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात या 'प्रतिनिधी'चा जाबताच घालून दिला आहे. यज्ञासाठी व्रीही, म्हणजे भात, मिळाले नाहीत तर नीवार, म्हणजे रानभात, चालतात. सोमवल्लीच्या अभावी पूतिका ही वनस्पती सांगितलेली आहे. मात्र देवतेला प्रतिनिधी नाही, मंत्राला नाही, क्रियेला नाही. आणि यज्ञाचा स्वामी जो यजमान त्यालाही नाही. द्रव्य बदलता येते. करणारा बदलता येत नाही.

लसीचे स्वरूप या भेदाने जितके स्पष्ट होते तितके अन्य कशाने होत असेल असे मला वाटत नाही. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर, बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने आलेली गोस्तनदेवीची लस यशस्वीपणे टोचली गेली आणि तेथून ती एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी देशभर गेली, तेव्हा बदलले होते ते द्रव्यच. पुढच्या काळात दुभंगलेल्या टोकाच्या सुईवर लसीचा थेंब धरून दंडावर पंधरा वेळा टोचीत. चार दिवसांत पुटकुळी उठे, आठवड्याने तिच्यात पाणी भरे, मग खपली धरे आणि तिसऱ्या आठवड्यात ती पडून वाटोळा वण राही. ही सगळी क्रिया त्या बालकाच्या शरीराचीच. ओळखणारे तेच, लढणारे तेच, लक्षात ठेवणारेही तेच. उसनी शक्ती म्हणावयाची तर ती घोड्याच्या रक्तापासून केलेल्या रक्तद्रवाची, जो सर्पदंशावर देतात: तेथे दुसऱ्याच्या देहाने केलेले काम आपल्याला आयते मिळते, आणि म्हणूनच ते काही आठवड्यांत सरूनही जाते. रक्तद्रवात यजमानच बदललेला असतो. लसीत केवळ द्रव्य बदलते. तालमीचा वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी दुप्पट वजनाच्या गड्यापुढे सोडीत नाही, बेताची जोड लावून देतो. त्या जोडीवर कमावलेल्या डावाला कोणी नकली म्हणत नाही.

प्रतिनिधी निषिद्ध द्रव्याचा नसावा, अशीही मीमांसकांची अट आहे, आणि गांधीजींनी देवी टोचण्याला जो कडवा विरोध केला त्याची जात बरीचशी हीच होती. लसीसाठी वासराच्या अंगावरून काढलेला पू त्यांना अभक्ष्यभक्षणासारखा आणि हिंसेचा भागीदार वाटे. त्यांच्या निष्कर्षाशी मी मुळीच सहमत नाही. तरी आपला आक्षेप द्रव्यावर आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि आजच्या आक्षेपकांपेक्षा ते त्या मानाने अधिक सुसंगत होते. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने देवीचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर जन्मलेल्या पिढीच्या ना तोंडावर देवीचा व्रण, ना दंडावर देवीच्या लसीचा. भोगही नाही आणि प्रतिनिधीही नाही. त्यांच्यापुरता हा वादच निकालात निघाला.

सर्वच रोगांत तो इतका सुखाने निघालेला नाही. प्रतिनिधी मुख्याशी पुरेसा सदृश असावा लागतो, आणि क्षयाच्या बाबतीत ते साधलेले नाही. बीसीजी तान्ह्या मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून बऱ्याच अंशी वाचविते. पण मद्रासजवळच्या चिंगलपेट जिल्ह्यात १९६८ पासून झालेल्या प्रचंड चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर तिचा उपयोग दिसून आला नाही. आणि भोगाचे पाठीराखे येथे काही दावा सांगू पाहतील तर त्यांचेही पारडे रिकामेच आहे, कारण एकदा क्षय होऊन बरा झालेल्याला तो पुन्हा होण्याची भीती इतरांहून अधिकच असते. या रोगाची पूतिका अजून कोणाला सापडलेली नाही, आणि तिचा शोध चालू आहे.