दोन वर्षांचा परवाना, पंधरा वर्षांचे मांजर





वंदनेनंतर चहा घेताना आपल्यात एक प्रश्न वारंवार निघतो. मुले मांजरासाठी हट्ट धरून बसली आहेत, आणू का? दिवसभर घरात एकटीच असते, सोबतीला एखादा पोपट पाळू का? प्रश्न घरगुती वाटतो. पण रोज पंचशील ग्रहण करणाऱ्या उपासकासाठी तो धम्माचाही प्रश्न आहे, कारण त्यात एका जिवाचे सगळे आयुष्य गुंतलेले असते. म्हणून या अंकात त्यावर विचार करू या.

दोह्यात हा प्रश्न बहुतेक वेळा सूक वाकिफमध्ये सुरू होतो. वाकिफ म्हणजे उभा. हा 'उभा बाजार'. २००३ मध्ये आगीत त्याचा बराच भाग जळाला आणि नंतर तो जुन्या धाटणीनेच पुन्हा बांधला गेला. आता मेट्रोची गोल्ड लाइन थेट तिथे पोहोचते, त्यामुळे सुट्टीच्या संध्याकाळी आपली कुटुंबे हमखास तिकडे जातात. मसाल्यांच्या आणि कापडाच्या गल्ल्या ओलांडल्या की पशुपक्ष्यांचा बाजार लागतो. एकावर एक रचलेले पिंजरे, त्यांत लव्हबर्ड, कबुतरे, पोपट. टबात एकमेकांच्या पाठीवर चढणारी कासवे. ससे, मांजराची पिल्ले, आणि गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून काढलेली कोंबडीची पिल्ले. मुले तिथे थांबतात आणि आईबापांचा हात ओढू लागतात.

तिथून चार पावलांवर ससाण्यांचा बाजार आहे. तिथले चित्र वेगळे. वातानुकूलित दुकानांत, स्वच्छ बैठकीवर, डोळ्यांवर चामड्याची टोपी घातलेले ससाणे बसलेले असतात. त्यांच्यासाठी सूक वाकिफमध्येच स्वतंत्र रुग्णालय आहे. आखाती देशांत ससाण्याला प्रवासासाठी पासपोर्टही काढतात. ही इथली जुनी परंपरा आहे आणि त्या पक्ष्याची काळजी मनापासून घेतली जाते, हे मान्य केलेच पाहिजे. पण एका पक्ष्याला डॉक्टर आणि दुसऱ्याला पंख पसरण्याइतकीही जागा नाही, हे पाहून आपल्या मनात काही हलले पाहिजे. कोणत्या जातीत जन्मलास यावर जिवाची किंमत ठरते, ही रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे. आपल्या पूर्वजांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सोसली. हा दोष या एका बाजाराचा नाही. मुंबईत महात्मा जोतिबा फुल्यांचे नाव असलेल्या मंडईत, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटमध्येही, पिंजऱ्यांची अशीच रांग आहे.

प्राण्याचा मालक कोण, या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या बालपणीच्या प्रसंगातून आपल्यापुढे ठेवले आहे. देवदत्ताच्या बाणाने पक्षी घायाळ होऊन पडला. सिद्धार्थाने त्याला उचलले, जखम पाहिली, पाणी पाजले. देवदत्ताचे म्हणणे, मी मारला म्हणून माझा. सिद्धार्थाचे म्हणणे, ज्याने वाचवला त्याचा. वाद लवादाकडे गेला आणि निर्णय सिद्धार्थाच्या बाजूने लागला. आता आपण स्वतःला विचारावे: 'मी पैसे मोजले म्हणून माझा' हा युक्तिवाद या दोघांपैकी कोणाच्या जवळ जातो? पावती दाखवून पिंजऱ्याची मालकी सिद्ध होईल. पिंजऱ्यातल्या जिवावरचा हक्क सांभाळण्यानेच मिळवावा लागतो, आणि तोही रोज.

यावर कोणी म्हणेल, "अहो, ते पिल्लू उन्हात तडफडत होते, दया आली म्हणून घेतले. ही करुणाच नाही का?" भावना खरी आहे. पण कार्यकारणभाव पाहणे ही बुद्धाच्या अनुयायाची सवय असावी. तुम्ही एक पिल्लू घेतले की दुकानदाराच्या हिशेबात एक विक्री जमा होते, आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे पिल्लू येते. आग्नेय आशियातील काही बौद्ध देशांत पुण्य मिळवण्यासाठी विहाराबाहेर पिंजऱ्यातले पक्षी विकत घेऊन सोडण्याची प्रथा आहे. परिणाम असा, की सोडण्यासाठी म्हणून पक्षी मुद्दाम पकडले जातात. हेतू मुक्तीचा, फळ मात्र जाळ्याचे! तथागतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत सत्तवणिज्जा म्हणजे जिवांचा व्यापार आहे. अट्ठकथेत त्याचा अर्थ माणसांची विक्री असा केला आहे. पण 'सत्त' या शब्दात प्रत्येक सजीव येतो, आणि विकणारा टिकतो तो घेणाऱ्यामुळेच.

सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी कोरवलेल्या पाचव्या स्तंभलेखात ज्यांना मारू नये अशा प्राण्यांची यादी दिली आहे. यादीच्या आरंभीच पोपट आणि मैना आहेत. तेच दोन पक्षी आजही पिंजऱ्यात सर्वांत जास्त दिसतात. आपल्या गावाकडे ओसरीवर मिठू टांगलेला असायचा, ती आठवण अनेकांना गोड वाटते. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्याकडचा रानपोपट पिंजऱ्यात ठेवणे भारतात गुन्हा आहे, हेही मुलांना सांगावे. बोलण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या आफ्रिकन करड्या पोपटाचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून साइट्स कराराच्या सर्वांत कडक यादीत गेला आहे. रानातून इतके पक्षी पकडले गेले की त्यांची वंशवेल धोक्यात आली.

मग प्राणी पाळूच नये का? धम्म असा सरसकट हुकूम काढत नाही. बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतला फरक समजावला आहे: नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करण्याचे स्वातंत्र्य देते. अहिंसेकडे त्यांनी तत्त्व म्हणून पाहिले. तेव्हा विचार आपल्यालाच करायचा आहे, आणि तो साध्या गणिताने सुरू होतो.

घरात नीट सांभाळलेले मांजर १२ ते १५ वर्षे, कधी त्याहून अधिक जगते. ससा ८ ते १० वर्षे. टबातले ते नाण्याएवढे कासव २० वर्षांहून जास्त. करडा पोपट ४० वर्षे सहज. आता आपल्याकडे पाहा. आपला आरपी एक-दोन वर्षांचा, नोकरी कंपनीच्या प्रकल्पाइतकी, घराचा करार वर्षाचा. आम्हा आयटीतल्या लोकांना माहीत असते की कोणतीही प्रणाली विकत घेणे हा सर्वांत स्वस्त भाग असतो. खरा खर्च पुढच्या देखभालीचा. जिवंत प्राण्याच्या बाबतीत तर ही देखभाल मध्येच बंद करता येत नाही.

प्रकल्प संपतो, कंपनी महिन्याभराची नोटीस देते, सामानाची खोकी बांधली जातात, आणि मग मांजराचे काय हा प्रश्न शेवटच्या आठवड्यात उभा राहतो. भारतात नेणे शक्य आहे, पण सोपे नाही. भारताच्या नियमांनुसार ही सवलत कुत्र्या-मांजरांपुरतीच आहे. दोन वर्षे सलग परदेशात राहून कायमचे परतणाऱ्याला दोन प्राण्यांपर्यंत सामानाबरोबर नेता येते. त्यासाठी रेबीजची लस, आरोग्य प्रमाणपत्र आणि केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण विभागाचे ना-हरकत पत्र लागते. विमानाचे भाडे वेगळेच. हे सगळे दोन-चार दिवसांत होत नाही. म्हणून कितीतरी मांजरे इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डब्याजवळ सोडली जातात. जन्मापासून वाटीत खाल्लेल्या मांजराला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही. त्याला दारात सोडून विमान पकडणाऱ्या माणसाने हातात शस्त्र घेतलेले नसते. तरीही पहिल्या शीलासमोर उभे राहून त्याने मनाला विचारावे.

जागेचाही विचार हवा. कतारमध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करून घेण्यास कायद्याने बंदी आहे. ज्या उन्हातून माणसाला वाचवण्यासाठी कायदा करावा लागला, त्या उन्हात गॅलरीत टांगलेल्या पिंजऱ्याचे काय होत असेल? एका बेडरूमच्या घरात ठेवायचेच तर खिडक्यांना भक्कम जाळी, मांजराच्या शौचाच्या वाळूची रोजची सफाई, लसीकरण, नसबंदी आणि दिवसभर सुरू राहणारा एसी, हे सारे आधी मान्य करावे लागते. भाडेकरारात मनाई असेल तर नातूरपासून लपवून पाळणे म्हणजे त्या जिवालाही भीतीतच ठेवणे. आणि जुलै-ऑगस्टमध्ये आपण महिनाभर गावी जातो तेव्हा काय?

एकटेपणा मात्र खरा आहे, त्याची थट्टा कोणी करू नये. परदेशातल्या चार भिंतींत दिवस काढणाऱ्या आपल्या भगिनीला, आजी-आजोबांवाचून वाढणाऱ्या मुलाला मऊ, उबदार जिवाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. पण आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात एक सावधगिरी सांगितली आहे. मैत्रीचा दूरचा शत्रू द्वेष. तो ओळखू येतो. जवळचा शत्रू मात्र आसक्ती, आणि ती मैत्रीचाच वेश घेऊन येते. ओळखण्याची खूण सोपी आहे. 'हे मांजर मला किती आनंद देते' हा विचार आसक्तीचा. 'माझ्याकडे हे मांजर सुखी राहील का' हा विचार मैत्रीचा. बाबासाहेबांनी करुणेच्या पुढे जाऊन मैत्री सांगितली, कारण ती माणसापाशी न थांबता सर्व प्राणिमात्रांपर्यंत जाते. ती आपल्या सोयीपाशी थांबू नये.

मग करावे काय? पहिले, विकत घेऊ नका. सोडून दिलेल्या आणि घर शोधणाऱ्या प्राण्यांची या शहरात कमतरता नाही. सांभाळण्याची पूर्ण तयारी असेल तर त्यांतल्या एखाद्याला घर द्या. तयारी अर्धी असेल तर दुसरे घर मिळेपर्यंत काही आठवडे आसरा द्या. तेवढीच तुमच्या परवान्याला झेपणारी मैत्री आहे, आणि तिच्यात कमीपणा नाही. तेही शक्य नसेल तर उन्हाळ्यात इमारतीच्या सावलीच्या कोपऱ्यात पाण्याचे भांडे ठेवा आणि रोज भरा. भरण्याचे काम मुलाकडे द्या. प्राण्यावर मालकी न ठेवताही प्रेम करता येते, हे त्याला भाषणाने कळणार नाही. रोजच्या त्या भांड्याने कळेल. इंडस्ट्रियल एरियात एका खोलीत सहा-आठ जण राहणारे आपले कामगार बांधव ताटातला घास रस्त्यावरच्या मांजरापुढे ठेवतात, ते अनेकांनी पाहिले असेल. त्यांच्याकडे भाडेकरार नाही, बंगला नाही, तरी मैत्री आहे.

दुसरे, ज्यांच्या घरी आधीच प्राणी आहे त्यांनी एकटे राहू नये. येत्या वंदनेच्या वेळी आपण एक वही ठेवू या. सुट्टीच्या काळात कोण कोणाचे मांजर सांभाळू शकेल, कोणाची बदली होणार आहे, कोणाला प्राण्याच्या डॉक्टरकडे जायला गाडी लागेल, हे तिच्यात लिहू या. संघ म्हणजे तरी काय? एकाला न पेलणारे ओझे दहा जणांनी उचलणे. शेवटच्या आठवड्यातली ती अडचण सहा महिने आधी सांगितली, तर एकही मांजर कचऱ्याच्या डब्याजवळ जाणार नाही.

आज रात्री मैत्रीभावना करताना नेहमीप्रमाणे स्वतःपासून सुरुवात करा, मग कुटुंब, मग परके, मग विरोधक. त्यानंतर क्षणभर सूक वाकिफच्या त्या गल्लीतल्या पिंजऱ्यांपर्यंत मन न्या. ते जीव भयमुक्त होवोत, सुखी होवोत. आणि त्यांच्या सुखात भर घालणारा निर्णय घेण्याचे बळ आपल्याला मिळो.

साधु! साधु! साधु!