मधलं पुस्तक

लांबलचक पुस्तकमालिका घरात आली की एक प्रश्न हमखास कानावर येतो. ‘‘शेवटी काय होतं गं?’’ मुलं विचारतात, मोठी माणसंही विचारतात. दुसरं पुस्तक संपतं न संपतं तोच कुणीतरी पाचव्याची शेवटची पानं उघडून बघतं. तो वाचला का? ती परत आली का? या घाईमागे माया असते. इतक्या दिवसांच्या सोबतीने पात्रं घरातली झालेली असतात. त्यांचं सगळं नीट होणार ना, एवढंच मनाला हवं असतं. तरीही रोज एक प्रकरण, क्रमाने, पुढचं न बघता वाचायचं, या सवयीचं मला फार अप्रूप आहे. कामाला निघण्याआधीची थोडीशी मोकळी मिनिटं तिला पुरतात. अशा वाचनासाठी मला सगळ्यात जवळची वाटते ती लॉइड अलेक्झांडर यांची प्रिडेनची मालिका. लिहिली आहे कुमारवयीन मुलांसाठी, पण मोठेपणी वाचली तर जास्तच उमगते.

अलेक्झांडर अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे. जन्म १९२४ चा. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते आणि त्या निमित्ताने काही काळ वेल्समध्ये राहिले. तिथल्या डोंगरांनी आणि किल्ल्यांनी त्यांना भुरळ घातली. वेल्सच्या मध्ययुगीन कथांचा ‘मॅबिनोगियन’ नावाचा संग्रह आहे. त्यातली नावं आणि काही धागे घेऊन त्यांनी प्रिडेन हा देश उभा केला, पण हे सगळं लगेच झालं नाही. मधली बरीच वर्षं ते मोठ्यांसाठी लिहीत होते. मुलांसाठी अद्भुत गोष्टी लिहायला ते चाळिशीच्या उंबरठ्यावर लागले. मग १९६४ ते १९६८, दरवर्षी एक, अशी प्रिडेनची पाच पुस्तकं आली. शेवटच्या ‘द हाय किंग’ला १९६९ साली न्यूबेरी पदक मिळालं. अमेरिकेतल्या बालसाहित्यात हा फार मोठा मान समजला जातो.

या मालिकेचा नायक टॅरन हा पोरका मुलगा. आईबाप कोण ते त्याला ठाऊक नाही. केअर डॉलबेन नावाच्या छोट्या शेतावर तो वाढतो. तिथे हेन वेन नावाची पांढरी डुकरीण आहे. ती भविष्य सांगते, आणि तिची उस्तवार टॅरनकडे. त्याला मात्र वीर व्हायचंय. गोष्ट सुरू होते तेव्हाच तो तलवार घडवायचा हट्ट धरून बसलाय, आणि कॉल त्याला घोड्याचे नाल घडवायला लावतोय. कॉल म्हणजे शेत सांभाळणारा टकलू, प्रेमळ माणूस. एकेकाळचा शूर योद्धा, पण आता त्याचा जीव भाजीच्या वाफ्यांत रमतो. पुढे साहसं येतातच. मेलेल्यांना उठवून सैनिक करणारी काळी कढई येते, जादू येते, लढाया येतात. सोबतीही मिळतात. सतत भुकेला गुर्गी. बडबडी पण मनाने सरळ राजकन्या आयलॉनवी. आणि माझा सगळ्यात लाडका फ्ल्यूडर फ्लॅम, आपलं चिमुकलं राज्य सोडून गाणी गात फिरणारा राजा. त्याच्या हार्पचा एक गुण आहे. तो बोलण्यात जरा तिखटमीठ लावायला लागला की एखादी तार टण्णकन तुटते. मग तो ओशाळतो, खरं काय ते सांगतो आणि तुटलेली तार जोडत बसतो. मुलांना वाचून दाखवताना या जागी हटकून हसू फुटतं. पुढे कधीतरी चारचौघांत बोलताना ती तार आठवते, आणि गोष्ट आहे तेवढीच सांगितली जाते.

पण मला बोलायचंय ते चौथ्या पुस्तकाबद्दल. ‘टॅरन वाँडरर’, १९६७ सालचं. हे पुस्तक आधी ठरलेलंच नव्हतं. तिसऱ्या आणि शेवटच्या पुस्तकाच्या मधे काहीतरी राहून गेलंय असं संपादक ॲन ड्युरेल यांना वाटलं, अलेक्झांडर यांना ते पटलं, आणि म्हणून ते लिहिलं गेलं. यात मोठं युद्ध नाही. टॅरन आपले आईबाप शोधायला निघतो. मनातून त्याला वाटत असतं, आपण कुणा मोठ्या घराण्यातले निघावं. राजकन्येला लग्नाचं विचारायचं तर कूळ नको का? वाटेत एक लंगडा, गरीब धनगर त्याला म्हणतो, मीच तुझा बाप. मोडकी झोपडी, मूठभर मेंढ्या. टॅरनची स्वप्नं तिथेच कोसळतात. तरी तो राहतो. मनातला सल गिळून त्या घराची डागडुजी करतो, मेंढ्या राखतो. पुढे खूप भटकून तो फ्री कॉमट्स नावाच्या मुलखात पोचतो. तिथे कुणी सरदार नाही. छोटी छोटी गावं, आपापल्या हुन्नरावर जगणारी माणसं. त्यांच्याकडे टॅरन एकामागून एक उमेदवारी करतो. आधी हेविड लोहार. ज्या तलवारीचा ध्यास पहिल्या पुस्तकापासून होता, ती अखेर त्याच्या हातून घडते. हेविड म्हणतो, आता घाल घाव ठोकळ्यावर. घाव बसतो आणि पात्याचे तुकडे होतात. पुन्हा भट्टी, पुन्हा हातोडा. दुसरी तलवार दिसायला साधीच होते, पण ती टिकते.

लोहाराकडून तो ड्विवाक नावाच्या म्हाताऱ्या विणकरणीकडे जातो. तलवार घडवून आलेला हा तरणा गडी तिथे लोकर विंचरायला आणि सूत कातायला बसतो. मागावर बसायची पाळी फार उशिरा येते. कापड बरंचसं विणून होतं आणि त्याच्या लक्षात येतं, आपण निवडलेली नक्षी आपल्यालाच आवडलेली नाही. उपाय एकच, सगळं उकलायचं. धाग्यामागून धागा तो उकलतो आणि नव्याने विणतो. तिसरा ॲनलॉ कुंभार. चाकावर माती उठताना बघून टॅरनचं भान हरपतं. हेच आपलं काम, असं त्याला मनापासून वाटतं. तो झटतो, रात्रंदिवस शिकतो. भांडी बरी होतात. पण ॲनलॉच्या हातात जे आहे ते आपल्या हातात नाही, हे त्याचं त्यालाच कळतं. लोहारकाम जमलं, विणकाम जमलं, पण तिथे मन रमलं नाही. इथे मन रमलं, आणि हात तेवढा चालेना. ही पानं मी पुन्हा पुन्हा वाचते. कुंभार त्याला खोटा धीर देत नाही आणि हिणवतही नाही. टॅरनला वाईट वाटतं, खूप वाटतं. पण त्या गावाच्या मातीवरचं त्याचं प्रेम कमी होत नाही.

लढायांच्या मालिकेत ही प्रकरणं संथ वाटतात. घाईतला वाचक नेमकी हीच उलटून टाकतो. पण पाचव्या पुस्तकात टॅरनला माणसं गोळा करायची वेळ येते तेव्हा त्याच्या हाकेला कोण येतं? हेच लोहार, हेच विणकर, हेच शेतकरी. त्यांनी त्याला भट्टीपाशी घाम गाळताना पाहिलेलं असतं. कूळ कुणी विचारत नाही. चौथं पुस्तक गाळलं तर ही सगळी माणसं का निघाली हेच कळत नाही. शेवट मी इथे सांगणार नाही. एवढंच सांगते, अगदी अखेरच्या पानांतही टॅरनच्या मनात असतात ती राहिलेली कामं. एका मित्राने समुद्राकाठी भिंत बांधायला घेतली होती. ती अर्धी राहिली आहे, ती पुरी करायची आहे.

आपले बहुतेक दिवस या चौथ्या पुस्तकासारखे असतात. नोकरीचं बारावं वर्ष. घराच्या कर्जाचा मधलाच कुठलातरी हप्ता. मुलगी सातवीत, म्हणजे पहिलीतलं कौतुक सरलेलं आणि दहावीची धावपळ अजून लांब. आईचा गुडघा कालच्याइतकाच दुखतोय. फोनवर कुणी विचारलं, ‘‘काय विशेष?’’ तर आपण म्हणतो, ‘‘विशेष काही नाही, चाललंय.’’ त्या चाललंयमध्ये किती काय चाललेलं असतं! कार्यालयात नवीन मुलगी येते, तिला आपण एखादं काम समजावून सांगायला बसतो, आणि बोलता बोलता जाणवतं की आपल्याला हे किती छान येतं. कुठली नोंद कुठे अडकते, कोणाला आधी फोन करायचा, कुठे थोडा वेळ गप्प राहायचं. हे कधी शिकलो ते मात्र आठवत नाही. शिकलो असतो अशाच एखाद्या मंगळवारी, ज्या दिवसाचं घरी सांगण्यासारखं काही नव्हतं. आईच्या पायाला तेल चोळताना नेमकं कुठे दाबलं की तिला बरं वाटतं, हेही तसंच कळलेलं असतं. रोज एक प्रकरण वाचणाऱ्याला अशा मंगळवारांची गोडी लागते. संथ पान आलं तरी तो बेचैन होत नाही. आज भेटलेला लोहार पुढे कामाला येणार, हे त्याला अनुभवाने माहीत असतं. कामावर तीच फाइल पुन्हा समोर आली तर तो तिच्याशीही त्याच निवांतपणे बसू शकतो.

सुरुवात करायला फार तयारी लागत नाही. प्रत्येक पुस्तकात वीसेक प्रकरणं आहेत. एखादं प्रकरण सकाळच्या चहाबरोबर होतं, नाहीतर ठाण्याहून दादरला पोचेपर्यंत. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं फार लांब नाहीत. घरात सातवी-आठवीतलं मूल असेल तर दोघांनी मिळून वाचावं. पुस्तक एक, खुणेच्या पट्ट्या दोन. नियम एवढाच, जो पुढे गेला असेल त्याने काही फोडायचं नाही. एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी दोन प्रकरणं वाचून भरपाई करत बसू नये. रात्री जेवताना विषय आपोआप निघतो. हेविडने एवढी चांगली दिसणारी तलवार ठोकळ्यावर का मारायला लावली, यावर दोन पोळ्या होईपर्यंत वाद रंगतो, आणि अशा वेळी मुलं जे बोलतात ते ऐकत राहावंसं वाटतं.

रोज एक या हिशेबाने चौथं पुस्तक दोनेक महिन्यांनी हाती येईल. तेव्हा लोहाराकडे पोचण्याआधी लोनिओच्या घरी एक दिवस जास्त रेंगाळायला हरकत नाही. बायको आणि अर्धा डझन पोरं घेऊन नदीकाठी राहणारा हा आनंदी गडी. त्याने पाण्यात बांध घालून जाळी लावली आहेत. पोरं उठसूट तिकडे धावतात आणि काय अडकलंय ते बघून येतात. जे हाती लागेल त्याचं घरात काहीतरी होतंच. टॅरनला वाटतं, काय नशीब आहे या माणसाचं! लोनिओ त्याला समजावतो, नशीब माझं काही वेगळं नाही, फक्त डोळे उघडे ठेवायचे आणि समोर येईल त्याचा उपयोग करायचा. टॅरन तिथे राहतो, पोरांबरोबर जाळी बघायला जातो, हसतो, पोटभर जेवतो. मग एके दिवशी निरोप घेऊन पुढच्या गावाची वाट धरतो. तिथे पुस्तक मिटावं. पुढचं उद्या.