जोड कशी लावायची?

यवतमाळच्या क्रीडा संकुलात बॉक्सिंगचा सराव आटोपला होता. घामाने ओल्या झालेल्या हातपट्ट्या गुंडाळता गुंडाळता सरांच्या शिष्येने विषय काढला.

"सर, पैसे घेऊन लढणाऱ्यांना ऑलिम्पिकमध्ये घ्यायचंच कशाला?"

"पैशाचा राग कशाला, पोरी? अमेरिकेचा खेळाडू जिम थॉर्पने १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये जिंकलेली दोन सुवर्णपदकं काढून घेतली, कारण तो कधीकाळी चार पैशांसाठी बेसबॉल खेळला होता. घरच्यांना पदकं परत मिळाली १९८३ मध्ये, तो गेल्यावर. आज रेल्वेत किंवा लष्करात पगार घेऊन सराव करणाराही हौशीच म्हणवतो. फुकट खेळणं गरिबाच्या लेकराला परवडत नाही."

"मला पैशाचं काही नाही. माराचं वाटतं. पुरुषांच्या डोक्यावरचं हेडगार्ड २०१३ मध्येच गेलं. त्यात एकोणीस वर्षांच्या पोरासमोर जगज्जेता उभा करायचा?"

"रिओ ऑलिम्पिकमध्ये केला होता. २०१६ च्या जूनमध्ये बॉक्सिंगच्या जागतिक संघटनेने व्यावसायिकांना घेण्याचा ठराव केला आणि ऑगस्टमध्ये तीन व्यावसायिक उतरले. त्यात कॅमेरूनचा हसन एन्दाम आणि थायलंडचा अम्नात रुएनरोएंग हे माजी जगज्जेते. एन्दाम पहिल्याच लढतीत हरला, अम्नात दुसऱ्या लढतीत. तिघांपैकी एकालाही पदक नाही. बारा फेऱ्यांची सवय असलेला माणूस समोरच्याला जोखेपर्यंत आपल्या तीन फेऱ्या संपत येतात."

"म्हणजे भीती खोटी?"

"तसं नाही म्हणत मी. मारणारा पुढे हरला, म्हणून मार खाणाऱ्याच्या मेंदूची इजा भरून निघत नाही."

"आणि जागेचं काय? वजनगटात देशाला एकच जागा. बुलढाण्याचा बॉक्सर अनंता चोपडेने अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घाम गाळला, २०१९ मध्ये इंडोनेशियात सुवर्ण जिंकलं. अशा पोराची जागा एखाद्या नावाजलेल्या व्यावसायिकाला आयती दिली तर?"

मला हा प्रश्न सगळ्यात जड वाटतो. बाहेरचा बलाढ्य माणूस नंतर भेटतो. वाट आधी अडते ती घरातच.

सर म्हणाले, "आयती देऊच नये. आपला बॉक्सर विकास कृष्ण २०१८ मध्ये व्यावसायिक झाला, परत आला, पण टोकियो ऑलिम्पिकची जागा त्याने आशियाई पात्रता स्पर्धेत लढून मिळवली. आपल्याकडच्या कुस्तीच्या आमदंगलीत जोड लावताना जाणता वस्ताद पहिलवानाचा खिसा तपासत नाही. वजन बघतो, वय बघतो, अंगाला किती वर्षांची माती लागलीय तेही बघतो. बॉक्सिंगवाले वजन आणि वयोगटापाशीच थांबतात."

"मग अनुभवाचीही मोजदाद ठेवा."

"ठेवावीच. किती लढती, किती फेऱ्या, सगळं."

"पण सर, ऑलिम्पिकची जोडी सोडतीने ठरते. तिथे वस्ताद कुठून आणणार?"

"नाही आणता येणार."

"तर मग तशी जोड लावता येत नाही तोवर व्यावसायिकांना बाहेरच ठेवा."

"आणि घरचं कर्ज फेडायला व्यावसायिक झालेला पोरगा? त्यालाही बाहेर?"

"त्यालाही," ती म्हणाली. "त्याचं वाईट वाटतं मला. पण त्याने निदान निवड स्वतः केली होती. समोरच्या एकोणीस वर्षांच्या पोराला कुणी विचारलंय?"