ठमीच्या आजारपणाबद्दल सईला

चि. सई,


ठमीचा रिपोर्ट आल्यापासून तू धड जेवत नाहीस, असं तुझी आई म्हणाली. घरात एक उपाशी पुरे आहे.

‘आधीच का कळलं नाही?’ हे तू स्वतःला विचारत असशील. मांजर दुखणं लपवतं. मूत्रपिंडाचं निम्म्याहून बरंच अधिक काम बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन सहसा वाढत नाही. ती पाणी जास्त पीत होती, पण म्हातारी मांजर उन्हाळ्यात पाणी पिते, यात कुणाला काय वाटणार? आता क्रिएटिनिन ३.४ म्हणजे आजाराचा चारपैकी तिसरा टप्पा. गेलेलं मूत्रपिंड परत येत नाही. पण या टप्प्यातली पुष्कळ मांजरं महिनोन्‌महिने, काही तर वर्षंही काढतात.

सलाइन घरी द्यायला डॉक्टरांनी शिकवलंय ना? सुई बाबांना टोचू दे, तू ठमीला मांडीवर धर. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवा. कातडीखाली गेलेलं पाणी खांद्याजवळ पिशवीसारखं लोंबेल, ते हळूहळू जिरतं. किती द्यायचं ते मात्र डॉक्टरच ठरवणार.

खाण्याचं जरा अवघड आहे. कमी फॉस्फरसचं खाणं या आजारात चांगलं खरं, पण ठमी त्याला तोंडच लावत नसेल तर त्याचा उपयोग काय? मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठू लागते, आणि ते दुसरंच दुखणं होऊन बसतं. ओलं खाणं कोमट करून दे, वास सुटतो. तरी नाहीच खाल्लं तर डॉक्टरांना लगेच फोन कर. आणि कुणी कितीही मायेनं सांगितलं तरी माणसांची पॅरासिटामॉल तिला देऊ नका. एका गोळीनंही मांजर दगावतं. वाढदिवसाच्या गुच्छात लिली आली तर तीही घराबाहेर. तिचे परागकणसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला विष आहेत.

एक वही कर. खाल्लं का, उलटी झाली का, अंग चाटलं का, वजन किती. पुढे कधीतरी डॉक्टर शेवटच्या इंजेक्शनचा विषय काढतील. ते इंजेक्शन म्हणजे भुलीच्या औषधाची मोठी मात्रा असते. मांजर आधी बेशुद्ध होतं, मग श्वास थांबतो. आपल्याकडे काही जण त्याला पाप म्हणतील. मला तसं वाटत नाही. ती खात नाही, अंग चाटत नाही, जवळ येत नाही, असं वहीत रोज दिसू लागलं तर केवळ आपल्याला सोसवत नाही म्हणून तिला रखडवू नये. हे बोलणं तुझ्यासमोरच व्हावं, असं मी तुझ्या आईला बजावलंय. तू लहान नाहीस.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना तिचा रक्तदाब मोजायला सांग. या आजारात तो वाढू शकतो आणि मांजराची दृष्टी अचानक जाऊ शकते.

तुझी,
मावशीआजी