मरणाविषयी विचारलं म्हणून मरण येत नाही

मराठी घरात ‘आत्महत्या’ हा शब्द सहसा ओठांवर आणला जात नाही. ‘जिवाचं काही बरंवाईट करून घेईल’ असं आपण म्हणतो, आणि तेही त्या माणसाच्या पाठीमागे, आवाज खाली आणून. धास्ती सगळ्यांनाच असते. आई रात्री दोनदा उठून बघते, भाऊ मित्रांना लक्ष ठेवायला सांगतो, शेजारीण काही ना काही निमित्त काढून डोकावून जाते. त्या माणसाला मात्र कुणी काही विचारत नाही. या न विचारण्यामागे बेपर्वाई नसते, भीती असते: विचारलं आणि नसलेला विचार डोक्यात भरला तर? मला इथे एवढंच मांडायचं आहे की ही भीती निराधार आहे आणि तिच्यापायी वाचवता येणारी माणसं आपण गमावतो आहोत.

आधी प्रश्न केवढा मोठा आहे ते पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांतले २२,७४६ महाराष्ट्रातले होते, म्हणजे दिवसाला सरासरी ६२. इतकी संख्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हती. महाराष्ट्रातली आत्महत्या म्हटली की शेतकऱ्याचा चेहरा डोळ्यांपुढे येतो, आणि ते योग्यच आहे. त्या वर्षी राज्यातल्या ४,२४८ शेतकऱ्यांनी आणि शेतमजुरांनी जीव दिला. पण उरलेले १८ हजारांहून अधिक लोक शेतीबाहेरचे होते: रोजंदारीवरचे मजूर, गृहिणी, विद्यार्थी, नोकरदार. देशभरात नोंदलेल्या कारणांत पहिला क्रमांक कौटुंबिक समस्यांचा आणि दुसरा आजारपणाचा आहे. म्हणजे ही माणसं कुठे तरी दूर नसतात, आपल्याच घरांत आणि आपल्याच आळीत असतात.

आणि त्यांतले अनेक जण बोललेले असतात. ‘बोलणारे करत नाहीत आणि करणारे बोलत नाहीत’ हे आपलं ठरीव वाक्य अनुभवाला उतरत नाही. ‘आता माझं काही खरं नाही’, ‘मी नसलो तर तुम्ही तरी सुटाल’, ‘माझ्यामागं पोरांकडे बघशील ना?’ अशी वाक्यं जेवताना, पारावर, फोन ठेवता ठेवता येऊन जातात. कुणी अचानक उसने पैसे आठवणीने परत करू लागतो, कुणी जपून ठेवलेली वस्तू सहज देऊन टाकतो. या वाक्यांना आपली उत्तरंही ठरलेली असतात: ‘वेड्यासारखं बोलू नकोस’, ‘पोरांकडे बघ’, ‘आपल्यापेक्षा किती वाईट दिवस काढतात लोक’. बोलणाऱ्याच्या बाजूने ऐकलं तर या प्रत्येक उत्तराचा अर्थ एकच निघतो: हा विषय इथे नको. तो माणूस गप्प होतो. घराला वाटतं, समजूत पटली. प्रत्यक्षात एक दार बंद झालेलं असतं.

थेट विचारल्याने काय होतं, याचा अभ्यास झालेला आहे. आत्महत्येविषयी विचारल्यामुळे तो विचार बळावतो का, हे तपासणाऱ्या अनेक संशोधनांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. विचारल्यामुळे असे विचार वाढल्याचा पुरावा त्यात सापडला नाही. उलट काहींचा ताण विचारल्यामुळे हलका होत असावा, असं दिसलं. यात नवल नाही. ज्याच्या मनात असा विचार आठवडेच्या आठवडे घोळतो आहे, त्याला तो आपण देण्याची गरज नसते. तो बाहेर काढायला जागा मिळण्याची गरज असते. प्रश्न मात्र सरळ हवा. ‘तसलं काही मनात नाही ना?’ या प्रश्नात ‘नाही’ हे उत्तर आधीच मागून घेतलेलं असतं. ‘भाऊ, एवढं सगळं अंगावर आल्यावर मरणाचा विचार मनात येतो का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येतं. दोन प्रश्नांत एवढाच फरक, पण सगळं त्यावरच अवलंबून आहे.

यावर पहिला आक्षेप असा की ज्याने ठरवलं आहे तो आज नाही तर उद्या करणारच. श्रीलंकेचा अनुभव याच्या विरुद्ध साक्ष देतो. १९९५ मध्ये तिथला आत्महत्येचा दर लाखामागे ४७ होता, जगातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी एक. सर्वाधिक घातक कीटकनाशकांवर तिथे टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि २००५ पर्यंत तो दर निम्म्यावर उतरला. त्या काळात देशातली युद्धाची आणि गरिबीची दुःखं संपली नव्हती. टोकाच्या क्षणी हाताशी येणारं घातक साधन तेवढं दूर गेलं होतं. ज्यांनी ‘ठरवलं होतं’ त्यांतले अनेक जण जगले, कारण तो क्षण टळला. मरणाची इच्छा बहुतेकदा वेदना थांबावी या इच्छेचंच रूप असते. ती लाटेसारखी चढते आणि ओसरते. लाट ओसरेपर्यंत सोबत लागते. चेन्नई आणि कोलंबोसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांवर जागतिक आरोग्य संघटनेने केलेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी त्याखेरीज सुमारे तासभर बोलणं झालं आणि पुढच्या दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट घेऊन विचारपूस झाली. पहिल्या गटात आत्महत्येने दगावलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, दुसऱ्यात ०.२ टक्के. नऊ वेळा कुणी तरी आठवणीने विचारलं, त्यातून हा फरक पडला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कापसाला भाव नाही, सावकाराचं कर्ज डोक्यावर आहे, तिथे गोड बोलून काय होणार? समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, हे अगदी खरं. आणि भाव, पतपुरवठा, पीकविमा यांची सरकारवरची जबाबदारी मानसिक आरोग्याचं नाव पुढे करून कुणी झटकू नये. पण हे दोन मार्ग एकमेकांचे वैरी नाहीत. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ या कार्यक्रमात प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांनी लोकांशी नैराश्याविषयी बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के झाले. आत्महत्येचे विचार येत असल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आलं. ही तुलना त्याच गावांच्या आधीच्या आणि नंतरच्या स्थितीची आहे, त्यामुळे सगळं श्रेय या एका कार्यक्रमाला देता येणार नाही. तरीही, विदर्भातला माणूस बोलत नाही, ही समजूत या आकड्यांनी खोटी पाडली. आणि कर्जमाफी मिळायची असेल तर ती मिळेपर्यंत माणूस जिवंत असायला हवा.

तिसरा प्रश्न प्रामाणिक आहे: उत्तर ‘हो’ आलं तर मी काय करू, मी काही डॉक्टर नाही. डॉक्टर व्हायचंच नाही. घाबरून ओरडायचं नाही, शपथा घालायच्या नाहीत. ऐकायचं, त्या वेळी माणसाला एकटं सोडायचं नाही, धोक्याच्या वस्तू घरातून दूर करायच्या आणि सोबत जाऊन जिल्हा रुग्णालय किंवा मनोविकारतज्ज्ञ गाठायचा. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही विनाशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू आहे. तिथे मराठीत बोलता येतं. पोलिसांच्या भीतीने अनेक घरं आत्महत्येच्या प्रयत्नाला ‘अपघात’ म्हणतात आणि उपचार अर्धवट सोडतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असंच गृहीत धरावं. १ जुलै २०२४ ला भारतीय दंड संहिता गेली आणि तिच्याबरोबर या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं कलम ३०९सुद्धा गेलं. कायद्याने दोष देणं सोडलं, समाजाने अजून सोडलेलं नाही.

सगळे जीव एका प्रश्नाने वाचतील, असा दावा कुणी करू नये. आणि ज्यांनी आपलं माणूस गमावलं, त्यांच्यावर न विचारल्याचं खापर तर मुळीच फोडू नये. पण हे वाचताना एखादा चेहरा तुमच्या मनात आला असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा, सरळ विचारा आणि चार दिवसांनी पुन्हा विचारा. आणि तो चेहरा तुमचा स्वतःचा असेल, तर कुणी विचारण्याची वाट पाहू नका. एका माणसाला सांगा किंवा १४४१६ फिरवा. पलीकडे ऐकणारं कुणी तरी आहे.